पाइपाला लावलेला कान

पांडूअण्णा गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं केला, तेव्हा मी घरातला गळका नळ दुरुस्त करत होतो आणि नेहमीप्रमाणे तो जास्तच गळायला लागला होता. मी पाना हातात धरून उभाच राहिलो. पाणी फरशीवर पसरत गेलं...

अण्णा पंचगंगेकाठच्या एका पाणीपुरवठा संस्थेत फिटर. नदीचं पाणी पंपानं उचलून वरच्या उसापर्यंत न्यायचं. मी तिथला नवा इंजिनिअर. जुन्या लायनीला पुढं नवा पाइप जोडायचा आराखडा मी केला. बैठकीत पाणी पाइपाला आतून घासतं त्या जोरासाठी ‘कर्तन प्रतिबल’ हा शब्द दोनदा वापरला. मंडळींनी आदरानं दुसरा चहा मागवला. अण्णा तेवढे चहा न घेताच उठले. नंतर लाकडी दांडक्याचं एक टोक जुन्या पाइपावर टेकवून दुसरं कानाला लावत म्हणाले, "सायेब, पाणी कागदावर सरळ जातंय. आत ते नुसतं घुसळतंय. पाइप आतनं खरबरीत झालाय की." मीही कान लावला, जाणत्यासारखी मान हलवली. खरं तर मला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. गणितात मी पाइप नव्यासारखा गुळगुळीतच धरला.

पंप चालू झाला. पाण्याचा सगळा जोर आतल्या भिंतीला घासण्यातच गेला. शेवटच्या शेतात आली ती करंगळीएवढी धार. पाण्याच्या पाळीची वाट बघणारे शेतकरी तापले. अध्यक्षांनी विचारलं, चूक कुणाची? मी आराखड्याची गुंडाळी करत राहिलो. अण्णा म्हणाले, "जोड मी बसवल्यात. माझंच चुकलं आसंल."

त्याच दिवशी अध्यक्षांनी त्यांच्याकडची पाणी सोडायची व्हॉल्व्हची चावी काढून घेतली. मी जोडदुरुस्तीच्या नावाखाली जुना पाइप बदलून घेतला, पाणी पोचलं, आणि शाबासकी मला मिळाली. असं का केलंत, अण्णांना विचारलं तर म्हणाले, "तुमची नवी नोकरी. मी कसा जोड बसवतोय, गावाला ठावं हाय." गावाला ठावं नव्हतं. लोक त्यांना ‘गळका फिटर’ म्हणत राहिले. एरवी माझ्या फजित्या मी या सदरात चवीनं सांगतो. ही एकच कधी सांगितली नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी, अण्णांच्या पत्नीनं, ते दांडकं माझ्या हातात ठेवलं. सायबांना द्या, म्हणून सांगून गेले होते. कानाकडचं टोक झिजून गुळगुळीत झालंय. आता रोज सकाळी पाणी आलं की ते घरच्या पाइपावर टेकवतो. आतली घुसळण स्पष्ट ऐकू येते...

अध्यक्ष अजून आहेत, दर रविवारी ही पुरवणी वाचतात. अध्यक्ष, जोड घट्ट होते.