सोळा प्रकाशवर्षांवरची दुरुस्ती

वैशाली पेडणेकर मूळच्या देवगडच्या. लग्नानंतर सिल्वासात आल्या आणि इथल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवू लागल्या. वर्गातली बहुतेक मुलं खानदेशातून कारखान्यांत कामाला आलेल्यांची. शहराच्या उजेडात तारे दिसत नाहीत, म्हणून दर थंडीत मॅडम सातवीच्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना दुधनीला, जलाशयाच्या काठी न्यायच्या.

२०१८ साली त्यांच्याकडे ताजी बातमी होती. मृग नक्षत्रातल्या ठळक राजन्य ताऱ्याच्या वर एक फिकट तारा दिसतो. तो नारिंगी बटू तारा, आपल्या सूर्याहून लहान, सोळा प्रकाशवर्षांवर. त्याच्याभोवती एक ग्रह सापडल्याचं नुकतंच जाहीर झालं होतं. मॅडमनी दुर्बीण मुलांच्या हाती दिली आणि ते सगळं रंगवून सांगितलं. चंदा नावाची मुलगी तर दुर्बीण सोडेचना.

सहा वर्षांनी मॅडमच्या वाचनात आलं की तो ग्रह बहुधा नाहीच. ताऱ्याच्या प्रकाशातली जी थरथर ग्रहामुळे वाटत होती, ती ताऱ्याच्या स्वतःच्या पृष्ठभागावरच्या हालचालींची निघाली होती. त्यांचे यजमान श्रीकांत म्हणाले, आता कोणाच्या लक्षात असणार ते? पण मॅडमच्या जिवाला चैन पडेना. बातमी आपण दिली, तर पुढचंही आपणच सांगायला हवं. दिवाळीच्या सुटीत त्यांनी स्कूटर काढली आणि त्या वर्गातल्या मुलांना शोधत निघाल्या. कोणी गावी परतलं होतं, कोणाला आठवतच नव्हतं. काहींनी हसून चहा पाजला.

सिल्वासाजवळच्या खडोलीत चंदाची आई कमळाबाई त्यांना दारात बघून घाबरलीच, पोरीनं काय केलं म्हणून. चंदा आता प्लॅस्टिकच्या कारखान्यात पॅकिंगला होती, नुकतीच शिफ्ट संपवून आलेली. मॅडमनी सगळं नीट समजावलं. चंदाचा चेहरा उतरला.

"मला कशाला सांगितलं मॅडम? कामावर कंटाळा आला की मी त्या ग्रहाचा विचार करायची. राहू द्यायचं होतं ना."

 मुलीचा एक विसावाच आपण काढून घेतला, हे मॅडमना लागलं. तरी माघार घेववेना.

"तू मोठी झालीस," त्या हळूच म्हणाल्या. "तुला खरं ठाऊक असावं, असं मला वाटलं."

 मग चंदानं विचारलं, ती थरथर ताऱ्याचीच आहे हे शास्त्रज्ञांनी ओळखलं कसं? मॅडमनी पदर खोचला, अंगणात खडूनं तारा काढला, त्यावर डाग काढले, आणि तो फिरताना काय होतं ते दाखवलं. कमळाबाईनं आग्रहानं जेवायलाच बसवलं.

डिसेंबरात मॅडम नव्या मुलांना दुधनीला घेऊन गेल्या, तेव्हा चंदा सुटी टाकून आली होती. राजन्य वर आल्यावर मॅडमनी दुर्बीण तिच्याकडे दिली. तिनं मुलांना तारा दाखवला, ग्रह कसा सापडला नि कसा गेला, तेही सांगितलं.

"म्हणजे तिथं काहीच नाही?" एकानं विचारलं.

"अजून तरी सापडलेलं नाही," चंदा म्हणाली. "शोधणं चालूच आहे."

मॅडम मागे उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना त्यात एका शब्दाचीही भर घालावीशी वाटली नाही.