बटण साहेब

बागेच्या तोंडाशी तीन सिमेंटच्या खांबांवर ते जुनं लष्करी विमान चढवून ठेवलं, त्याला आता पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत ते पुसायचं काम एकच माणूस करतो, तेही कुणी सांगितलेलं नसताना. आसपासची पोरं त्याला विमानकाका म्हणतात. दर रविवारी सकाळी बादली, दोन फडकी आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन स्वारी हजर! बायको म्हणते, "घरातला पंखा पुसायचा म्हटलं की यांचा खांदा धरतो. तिकडे मात्र शिडीवर चढून त्या धुडाचं पोट घासतात."

तिचं काही चुकत नाही. काका हसून वेळ मारून नेतो, कारण खरं कारण सांगायची त्याच्यात हिंमत नाही. निदान तिला तर नाहीच नाही.

बघायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले. "यातनं बॉम्ब कुठून टाकायचे हो?" काका सांगतो, बॉम्ब नव्हतेच याला, हे टेहळणीचं विमान. शत्रूच्या डोक्यावरून जायचं, फोटो काढायचे आणि जीव घेऊन परत यायचं. "म्हणजे फोटोग्राफरच की!" असं म्हणून लोक हिरमुसतात आणि आइस्क्रीमच्या गाडीकडे वळतात. पोटाखाली जी चौकोनी काच दिसते तिच्याआड कॅमेरे असायचे. आता आत पारव्यांनी घर केलंय. पण एके काळी तिथे कॅमेरे बसवायचं आणि फिल्म भरायचं काम काकाचं होतं. वय चोवीस. हात इतका सफाईदार, की दुसऱ्यांचं एक विमान होईपर्यंत याची दोन व्हायची.

त्या सफाईनंच घात केला. फिल्म भरताना कॅमेऱ्याचा विजेचा प्लग काढून ठेवायचा आणि फिल्म बसली की परत जोडायचा, असा नियम. जोडल्यावर तोंडानं मोठ्यानं "जोडला!" म्हणायचं, आणि ते ऐकून सोबत्यानं वहीत खूण करायची. त्या सकाळी काकाचं लग्न ठरल्याची बातमी फुटली होती. सगळे त्याची यथेच्छ फिरकी घेत होते. सोबत्यानं विचारलं, "जोडला का रे?" हा पठ्ठ्या ऐटीत म्हणाला, "जोडला, जोडला! पुढच्या महिन्यात जोडाच होतोय!" हशा पिकला. खूण झाली, झाकण बसलं. प्लग आत तसाच लोंबकळत राहिला.

विमान परत आलं ते शेपटीला गोळ्यांची तीन भोकं घेऊन. पायलट खाली उतरला, घामानं निथळत होता, तरी हसत होता. काकानं झाकण उघडलं, तर प्लग सुटाच लोंबकळत होता. आजूबाजूला कुणी बघत नव्हतं. दोन बोटांचं काम. त्यानं प्लग जोडून टाकला.

फिल्म कोरी निघाली. कॅमेरा तपासला, ठणठणीत. वहीत खूण होती. मग उरलं काय? पायलटनं कॅमेऱ्याचं बटण दाबलं नाही. चौकशीत तो आधी छातीठोकपणे म्हणाला, "मी दाबलं होतं." कॅमेरा चालू झाल्याचा दिवा लागला होता का? ऊन डोळ्यांवर होतं, दिसला नाही. मग दाबलं हे कशावरून? रोज उठून तेच विचारल्यावर तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "नसेलही दाबलं." झालं! उड्डाण कायमचं बंद, आणि माणूस गोदामातल्या खुर्चीत. त्याच्या माघारी सगळे त्याला 'बटण साहेब' म्हणू लागले. काकासुद्धा म्हणायचा. म्हणायचा आणि हसायचा. ते हसणं आठवलं की आजही त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

मागच्या रविवारी काका शिडीवर असताना खालून एका बाईचा आवाज आला, "काका, माझ्या बाबांना जरा जवळून बघू द्याल का? ते हे विमान चालवायचे." काकानं वळून पाहिलं. पाठ वाकली होती, केस गेले होते, पण बटण साहेबच. काकाच्या हातातलं फडकं गळून पडलं.

म्हातारा काचेखाली जाऊन उभा राहिला. हात मात्र लावेना. मुलगी काकाशी हळू आवाजात बोलत राहिली. "बाबांचं सगळं चार चार वेळा असतं हो. कुलूप चार वेळा ओढून बघायचं, गॅस चार वेळा. लहानपणी आम्हाला गाडीत बसवून कधी चालवली नाही त्यांनी. म्हणायचे, माझ्या हाताचा भरवसा नाही."

आता मात्र काकाच्यानं राहवलं नाही. तो शिडीवरून उतरला, म्हाताऱ्यासमोर जाऊन उभा राहिला आणि प्लगपासून जोडापर्यंत सगळं घडाघडा बोलून मोकळा झाला.

"म्हणजे मी दाबलं होतं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"दाबलं होतं, साहेब."

"परत सांग."

"तुम्ही बटण दाबलं होतं, साहेब. चूक माझी होती."

म्हातारा बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. काका शिव्यांची वाट बघत होता. एखादी सणसणीत बसली असती तर बरंच वाटलं असतं त्याला. पण म्हातारा शांतपणे म्हणाला, "हिच्या आईला सांगायला हवं होतंस रे. ती म्हणायची, माणूस आहे, विसरतो. जन्मभर मला माफ करत राहिली बिचारी. दोन वर्षं झाली तिला जाऊन."

मुलीनं डोळे पुसले, वडिलांचा दंड धरला आणि दोघं फाटकाकडे चालू लागली. काकानं खाली पडलेलं फडकं उचलून बादलीत टाकलं.

साहेबांचं घर त्याला ठाऊक होतं. बसनं पंधरा मिनिटं. विमान बागेत आलं त्या वर्षी सगळं सांगून टाकायचं ठरवून तो तिथे गेला होता, बेलही वाजवली होती. दार एका पिकल्या केसांच्या बाईनं उघडलं. ओल्या हातांनी, हसऱ्या तोंडानं तिनं विचारलं, "कोण हवंय?"

"कुणी नाही," तो म्हणाला होता, "घर चुकलं."