घाणेरीतली चकती

पंचावन्न सालाच्या आसपास मी अहेरीला जंगलखात्यात कारकून होतो. संध्याकाळी डाकबंगल्यामागे आम्ही चारपाच जण सागाच्या ओंडक्याच्या चकत्या लांबच्या खुंटावर फेकायचो. निम्म्या घाणेरीच्या जाळीत जायच्या. मग बंगल्याचा राखणदार यायचा, तो आधीच तापलेला.

"कोनी हलू नका! गवत तुडवलं का थे चकतीवर निजते." फेकणाऱ्याच्या जागी उभा राहून तो दुसरी चकती तश्शीच फेकायचा. "आता पाहा कुठी पडते. तोंड काऊन चालवून राह्यले?" सरळ आत शिरायचा आणि दोन्ही घेऊन यायचा. अंगभर ओरखडे, पण मागे एक फांदी मोडलेली नसायची.

एका उन्हाळ्यात खात्याचे नवे साहेब आमच्यात खेळायला आले आणि त्यांची चकती हरवली. "पेटवून द्या ही झुडपं," ते मला म्हणाले. राखणदार आदल्याच दिवशी वणवा झोडपून परतला होता, त्याच्या भुवया जळलेल्या होत्या. आणि चकती तर लाकडाचीच! एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. मी निमूट काडेपेटी काढली.

राखणदार पुढे झाला. जाळीत शिरला, चकती आणली, सरपणाच्या ठोकळ्यावर ठेवली आणि कुऱ्हाडीच्या एका घावात तिचे दोन तुकडे केले.

"घ्या साहेब. आता नाई हरपत."

साहेब लालबुंद होऊन निघून गेले. तेव्हा तो माझ्या हातातल्या काडेपेटीकडे बघत राहिला.

"थ्याले जंगल मालूम नाई, बाबू. तुमाले तं होतं."