परळच्या मैदानावरचा गळका ट्रॅक्टर

"मॅडम, शनिवारी भंगारवाला येतोय. त्याआधी सांगा, हा वाचेल की नाही?"

परळच्या क्रिकेट क्लबचे सेक्रेटरी प्रधान हे विचारत होते तेव्हा मी त्यांच्या जुन्या ट्रॅक्टरखाली डोकं घालून बसले होते. डिझेल इंजिनांच्या सर्व्हिसमध्ये काढलेली वर्षं रिटायर झाल्यावरही लोक विसरू देत नाहीत. शेजारी मैदानाचे माळी गावडे उभे होते. पिचवरचा रोलर ते याच ट्रॅक्टरने ओढतात. ट्रॅक्टर गेला तर रोलर हाताने ओढायची त्यांची तयारी होती, त्यांच्या कंबरेची नव्हती.

रिया, नील, माझ्या नातवंडांनो, आधी कूलंट म्हणजे काय ते सांगते. चालू इंजिन तापतं. त्याच्या पोटातून हिरवं पाणी फिरतं, उष्णता उचलतं, पुढच्या रेडिएटरमध्ये येऊन निवतं आणि परत जातं. हे कूलंट. ते इंजिनाला आतून गंजूही देत नाही. ते संपलं तर इंजिन जळतं. आणि इथे ट्रॅक्टरखाली रोज हिरवं तळं साचत होतं.

अशा वेळी संशयित ठरलेले असतात. होज पाइप दाबून पाहिले. कोरडे. पाणी ढकलणारा वॉटर पंप, तोही कोरडा. मग सगळ्यात महागडा संशयित, हेड गॅस्केट. ही इंजिनाच्या दोन भागांमधली पातळ पट्टी. ती फाटली की कूलंट ऑइलमध्ये शिरू शकतं, आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. मी ऑइल तपासायची सळी, डिपस्टिक, काढली. ऑइल काळंकुट्ट.

"म्हणजे चांगलं की वाईट?" प्रधानांनी विचारलं.

"चांगलं."

"मग वाईट कुठाय?"

चिंचपोकळीच्या एका वर्कशॉपमधून प्रेशर टेस्टर मागवला. हा छोटा हातपंप रेडिएटरच्या तोंडावर बसवून आत हवा दाबायची. कुठे भोक असेल तर दाब दाखवणारा काटा खाली येतो. आम्ही तिघं काट्याकडे टक लावून बसलो. चहा आला, संपला. काटा ढिम्म.

"मॅडम, काटा खोटं बोलतोय की जमीन?" प्रधानांनी विचारलं.

जुनं कूलंट काढून नवं, गडद हिरवं भरलं, ट्रॅक्टर नेहमीसारखा चालवायला सांगितला आणि घरी गेले.

दोन दिवसांनी पाहते तर तळं हजर. पण रंग लिंबू सरबताचा. गळतीने कूलंट कमी होतं, फिकं होत नाही.

"यात पाणी कोणी घातलं?"

"मी घालतंय," गावडे छाती काढून म्हणाले. "रोज सकाळी, काठोकाठ. गळता म्हटल्यावर तेका तानेलो ठेवू काय?"

वॉचमन तिवारी पुढे आला. "शाम को ठंडा होने पर मैं भी डालता हूँ, मॅडम."

प्रधान पॅव्हेलियनकडे बघायला लागले.

"प्रधान?"

"दुपारी. एखादाच मग पाणी."

पाणी तापलं की फुगतं. नव्या गाड्यांत जादाच्या पाण्याला वेगळी बाटली असते. या जुन्याला नाही, म्हणून त्याचा रेडिएटर वरून दोन बोटं रिकामा ठेवायचा. काठोकाठ भरला की जादाचं पाणी झाकणाजवळच्या नळीतून थेट खाली सांडतं आणि इंजिन गळतंय असं वाटतं. इंजिन निवलं की पातळी दोन बोटं उतरलेली दिसते, आणि कोणीतरी पाण्याचा मग घेऊन धावतं. पूर्वीचे माळी हे सगळं एकटे पाहायचे. ते कोकणात परतल्यावर ट्रॅक्टर कोणाच्याच ताब्यात राहिला नाही, म्हणून सगळ्यांच्या मायेत सापडला.

पुन्हा नवं कूलंट भरलं, दोन बोटं सोडून. झाकणाला हात लावायची तिघांनाही बंदी केली. खाली पुठ्ठा पसरला. गावड्यांनी दिवसभर रोलर ओढला. संध्याकाळी पुठ्ठा कोरडा. प्रधानांनी तो उलटा करूनही पाहिला.

मग त्यांनी भंगारवाल्याला फोन लावला. "मत आना. ठीक हो गया."

"हुआ क्या था उसको?"

प्रधानांनी माझ्याकडे पाहिलं. "ॲसिडिटी."

तेव्हापासून कुठलीही गळती पाहायला गेले की खाली वाकण्याआधी मी विचारते, इथे ओततंय कोण?