अक्काची चूल आणि माझं रिनोव्हेशन

अक्काची चूल मीच फोडायला लावली. झालं, लिहिलं एकदाचं. हे आजवर कोणाला बोललेलो नाही — बायकोलाही नाही — आणि तुम्हालाच का सांगतोय, तेही नीट कळत नाही.

मी इंग्रजीचा मास्तर. मेहरूणच्या आमच्या घराचं काम काढलं तेव्हा 'दुरुस्ती' म्हणायला जीभ वळेना. 'रिनोव्हेशन' म्हणत गल्लीभर मिरवलो. थोरल्या बहिणीला, अक्काला, अर्थही फोड करून सांगितला — पाडणं वेगळं, अक्का. यात आहे ते राखायचं आणि नव्यासारखं करायचं. तिने एवढंच विचारलं, "मंग मनी चूल राही ना?"

हो म्हणालो. अर्थ बरोबरच सांगितला होता हो. सांगणारा खोटा निघाला.

मागच्या अंगणातली ती रुंद तोंडाची चूल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का तिच्यावर खापर पालथं घालायची, हातावर पुरणपोळी मोठी करत करत त्यावर टाकायची, आणि अर्धी गल्ली आमच्याकडे जेवायची. मला मात्र तिथे — कसं सांगू? — झोपाळा हवा होता. ग्रॅनाइट, कुंड्या, झोपाळा. शाळेतली मंडळी येतील, बघतील! अक्का धुळ्याला लेकीकडे गेली तशी मी संधी साधली. सुपडू मिस्तरी म्हणाला, "सर, अक्काले इचारी ल्या." मी म्हणालो, फोड.

अक्का परत आली. रिकाम्या जागेपुढे नुसती उभी राहिली. सुपडू तिथेच फरशीवर पाणी मारत होता. आणि मी काय बोललो? — "मिस्तरीच्या हातून चुकून फुटली."

सुपडूने माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पाणी मारू लागला. त्याची पोर माझ्या वर्गात होती — हे मला बोलताना ठाऊक नव्हतं का? होतं.

"सुपडूले बलाऊ नका, त्याले डोया नहीत," अक्का ज्याला त्याला सांगत राहिली. आमच्या गल्लीत त्याला पुन्हा काम मिळालं नाही. मी झोपाळ्यावर बसून हे ऐकायचो. पुढच्या आखाजीला अक्काने गॅसवर, तव्यापुरत्या चार पोळ्या लाटल्या. गल्ली जेवायला आली नाही. कोणी बोलावलीच नव्हती.

यंदा अक्का गेली. दहाव्याला सुपडू आला, मागे बसला. मी त्याला बाजूला घेतलं. "सुपडूभाऊ, त्या दिवशी मी —"

त्याने पायात चपला सरकवल्या.

"जिले सांगानं व्हतं, ती तं गयी, सर. आते माले काय सांगतस? माले तं ठाऊकच शे."