टेपचं दुसरं टोक

जगात जेवढ्या म्हणून लांब्या-रुंद्या आहेत, त्यांतल्या निम्म्या माझ्या मामेसासऱ्यांनी मोजलेल्या आहेत, आणि उरलेल्या निम्म्या मोजताना टेपचं दुसरं टोक मी धरलेलं आहे. माझ्या बायकोचे हे सख्खे मामा. सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेली, अंबड-घनसावंगीकडच्या रानांत. बांध कुणी कोरला यावरून दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर धावले, की मध्ये मामा टेप घेऊन उभे. निवृत्त होऊन ते जालन्याला घरी बसले, पण टेप काही स्वस्थ बसेना. आमचं लग्न ठरायच्या आधी ते बदनापूरला आमच्या घरी आले. जय भीम झाला, पाणी झालं, आणि लगेच त्यांनी उकिडवं बसून आमच्या दाराचा उंबरा मोजला. माझ्या आईला वाटलं, मुलाकडची माणसं पारखायची ही त्यांच्याकडची रीत असावी. परत जाताना ते स्टेशनावर डब्याची पायरी मोजत राहिले आणि गाडी त्यांना सोडून निघून गेली. ‘गाडी दुसरी येती,’ मामा म्हणाले, ‘पन हीच पायरी परत येईल असं न्हाई.’

‘अंदाजे’ हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. एकदा मी सहज म्हणालो, ‘मामा, स्टेशन इथून अंदाजे दहा मिनिटांवर असेल.’ मामांनी सायकल काढली. पंचाहत्तरीकडे झुकलेला हा माणूस भर उन्हात स्टेशनाला जाऊन आला, घाम पुसला आणि म्हणाला, ‘चौदा मिन्टं. जावई, अंदाजे म्हंजे न मोजता खोटं बोलणं.’ पुन्हा त्यांच्या घरी मी तो शब्द काढला नाही.

एवढी मापं घेऊन हा माणूस करतो काय, याचं मला फार कुतूहल होतं. मापं सगळी एका जाड वहीत उतरत. एका रविवारी मामा अंघोळीला गेलेले पाहून मी ती वही उघडली. जावयाला हे शोभत नाही, पण राहवलं नाही. आत लिहिलं होतं : ‘अंबड, चुलतभाऊ. पायरी अकरा इंच. जमणार नाही.’ ‘रेल्वेचा डबा. बिलकुल जमणार नाही.’ ‘बदनापूर, होणारे जावई. उंबरा चार इंच. जमेल.’ मी वही मिटली आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या मामींकडे पाहिलं. मामींचे गुडघे कित्येक वर्षांपासून वाकत नाहीत. ही सगळी मापं त्या दोन गुडघ्यांची होती.

मामींचा ओटा म्हणजे त्या रस्त्याची कचेरीच. त्यांना कुठे जाता येत नसे, म्हणून सगळा रस्ता त्यांच्याकडे येई. भाजी निवडायला बायका येत, पोरींच्या लग्नाच्या गोष्टी तिथेच निघत, आणि समोरचा किराणावाला गिऱ्हाईक नसलं की येऊन आपल्या सुनेची गाऱ्हाणी सांगे. एक ठिकाण मात्र मामींकडे चालत येऊ शकत नव्हतं, ते म्हणजे रस्त्याच्या टोकाचं विहार. दर पौर्णिमेला त्या वंदनेला जात. पण रस्त्याला कड अशी उरलीच नव्हती. दोन्ही बाजूंनी पायऱ्या, पत्रे, दुकानांच्या पाट्या आणि आडव्या लावलेल्या मोटारसायकली, त्यात माझीही असे. चालणाऱ्यानं जायचं ते गाड्यांच्या मधून. एका पौर्णिमेला एक हँडल मामींच्या दंडाला घासून गेलं. त्या पडल्या नाहीत, पण रस्त्यातच मटकन खाली बसल्या, आणि त्यानंतर विहारात गेल्या नाहीत. मामांच्या वहीत शेवटची नोंद होती : ‘घर ते विहार. तिची पावलं तीनशे चाळीस.’ पुढे ‘जमेल’ही नव्हतं आणि ‘जमणार नाही’ही नव्हतं.

अशात बातमी आली, की हा रस्ता नव्यानं आखायचा आहे. दोन्ही कडांनी चालायला फरशीची वाट, तिच्या शेजारी सायकलींना पट्टा आणि उरलेल्यात गाड्या. विहाराच्या हॉलमध्ये बैठक झाली. सगळ्यांना योजना पसंत पडली, फक्त ती समोरच्या बाजूनं व्हावी असं दोन्ही बाजूंचं म्हणणं होतं. ‘मामा, काम बराबर हाये,’ किराणावाला म्हणाला, ‘पन आमच्या बाजूला जागा कुठं हाये? रस्ताच अरुंद.’

‘रस्ता अरुंद न्हाई,’ मामा म्हणाले, ‘आपन त्याचा बांध कोरून राह्यलो.’

दुसऱ्या दिवशी जुना नकाशा, बादलीत कालवलेला गेरू आणि मी, एवढं घेऊन मामा मोजणीला निघाले. प्रत्येक घरासमोर टेप ताणायचा आणि हद्द जिथे येईल तिथे गेरूची रेघ मारायची. कुणाची पायरी गेली, कुणाचा पत्रा गेला. किराणावाल्याच्या तर तेलाच्या डब्यांवरूनच रेघ गेली. लोक माझ्याकडे असे बघत होते, की जणू मीच त्यांची जमीन खाल्ली. मामांनी आपलं घर शेवटी ठेवलं होतं. तिथे टेप ताणला. रेघ बरोबर मामी बसतात तिथून जात होती. अख्खा ओटा रस्त्यात होता.

मी हळूच म्हणालो, ‘मामा, टेप जरा ढिला धरू का?’

मामांनी आपल्या टोकाकडून टेप आणखी ताणला. मग म्हणाले, ‘जावई, सारी नोकरी भावाभावात मोजणी केली. टेप ढिला धरा म्हननारे लई भेटले. त्यातला एक घरातला निघंल असं वाटलं न्हवतं.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण विचारल्यावाचून राहवेना, ‘ओटा बांधला तेव्हा मोजला नव्हता?’

‘मोजला ना. उंची मोजली. वीस इंच, तिला गुडघा न वाकवता बसता यावं इतकी.’ मग खाली बघत ते म्हणाले, ‘रुंदी न्हाई मोजली. तिला ऐसपैस बसता यावं, इतकंच पाह्यलं.’

सगळ्या जन्मात या माणसानं एवढी एकच गोष्ट न मोजता केली होती.

मामी ओट्यावरून म्हणाल्या, ‘अहो, माझ्याखालचंच जायचं ना? मंग घ्या की. पन आधी जावईबापूंना चहा तर घेऊ द्या.’

ओटा मामांनी स्वतःच्या हातानं फोडला. पहिला घाव घालताना त्यांनी मामींना आत जायला सांगितलं, पण त्या दारात उभ्या राहून शेवटपर्यंत बघत होत्या. संध्याकाळी किराणावाल्यानं कुणी न सांगता तेलाचे डबे आत घेतले.

रस्ता झाला. सायकलच्या पट्ट्यावरून पहिल्या दिवशी एकटे मामाच हिंडत होते, समोर कुणी नसताना घंटी वाजवत. मग पौर्णिमा आली. मामी पांढरं लुगडं नेसून निघाल्या, मामा मागून सायकल हातात धरून पावलं मोजत चालले आणि त्यांच्यामागे मी. शेजारच्या घरासमोर बघतो तर नव्याकोऱ्या फरशीवर एक खुर्ची. पुढे किराणावाल्याचं स्टूल. त्यापुढे आणखी एक खुर्ची. विहारापर्यंत सात. ‘मामी, टेका जरा. तुमचा ओटा गेला, पन आमाला सवय लागल्ती,’ किराणावाला म्हणाला. एकीकडे बसलं आणि दुसरीकडे नाही, तर राग यायचा, म्हणून मामी सातही ठिकाणी बसल्या आणि विहारात पोचल्या तेव्हा वंदना संपत आली होती. मामांची पावलांची मोजणी तिसऱ्या खुर्चीपाशीच चुकली होती.

मामांनी खिशातून टेप काढला. मी सवयीनं दुसरं टोक धरायला हात पुढे केला. ‘मामा, हे अतिक्रमणच की,’ मी म्हणालो. त्यांनी त्या खुर्च्यांकडे खूप वेळ पाहिलं आणि टेप परत खिशात टाकला.

आता मी जालन्याला जातो, तेव्हा मामा उंबऱ्यावर एकटेच बसलेले असतात. ओटा नाही, त्यामुळे कुठे टेकावं ते मला कळत नाही आणि मी नुसता उभा राहतो. मला तो ओटा फार आठवतो, आणि त्यांना तर आठवतच असणार. परवा विचारलं, ‘मामी कुठे?’

‘गेली ना फिरायला,’ मामा म्हणाले. आवाजात ऐट होती, आणि घर रिकामं असल्याचं दुःखही होतं. मग डोळ्यांवर हात धरून त्यांनी रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं.

‘असंल,’ ते म्हणाले, ‘अंदाजे चौथ्या खुर्चीवर.’