घर बंद

अख्खा वॉर्ड मोजणाऱ्या मास्तरांचं स्वतःचंच घर मोजायचं राहिलं, हे ऐकून आधी हसू येतं. येऊ द्या. सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांनाही आलं होतं.

सरकारला फुकटचं काम निघालं की शिक्षक आठवतो. त्या वर्षी माणसं मोजायचं काम निघालं. मास्तरांच्या वाट्याला चारशे बारा घरं आली आणि त्यांनी ती सुंदर अक्षरात भरली. नियम एकच होता: मोजणाऱ्याने स्वतःच्या घराचा तक्ता स्वतः भरायचा नाही, तो पलीकडच्या वॉर्डातल्या मास्तराने भरायचा. ते पलीकडचे चित्रकलेचे मास्तर आले नेमके त्या दिवशी, जेव्हा मास्तरांची बायको बाळंतपणासाठी दवाखान्यात होती आणि मास्तर लोकांचे जिने चढत होते. दाराला कुलूप होतं. नियमाप्रमाणे तीनदा यायचं, पण चित्रकलेच्या मास्तरांनी एकदाच येऊन ‘घर बंद’ असं लिहिलं आणि पुढे गेले.

मास्तरांना कळलं तेव्हा गठ्ठ्यांना सील लागलं होतं. “जाऊ दे, आपलं घर कुठे पळून जातंय?” ते म्हणाले.

“भाजा अजून लष्कराच्या भाकऱ्या,” बायको म्हणाली. तिच्या मांडीवर आठ दिवसांची मुलगी होती.

त्याच मोजणीत नाक्यावरच्या खोलीत एक घड्याळदुरुस्तीवाला भेटला. एक ट्रंक आणि एक बायको घेऊन तो सीमेपलीकडून आलेला. ‘जन्म कुठला?’ या रकान्यापाशी त्याची बोबडी वळली. हात जोडून तो नुसता उभा राहिला. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, दौतीत टाक बुडवला आणि लिहिलं, ‘इथलाच.’ आयुष्यात मास्तरांनी सरकारी कागदावर केलेला खोटेपणा तेवढाच. पुढे वर्षानुवर्षं त्याने मास्तरांचं घड्याळ फुकट दुरुस्त केलं. मास्तरही ‘वेळ बरोबर दाखवतंय’ एवढंच म्हणत.

मग परवा-परवा सरकारने ठरवलं की त्या मोजणीत जे आहेत ते आणि त्यांची मुलंबाळं, तेवढेच देशाचे. बाकीच्यांनी सिद्ध करावं. रातोरात सगळ्यांना देशप्रेमाचं भरतं आलं. सगळ्यात मोठं घड्याळवाल्याला. दुकानावर झेंडा लागला, तो वॉर्ड समितीचा अध्यक्ष झाला आणि कोण इथलं, कोण उपरं यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला भाषणं देऊ लागला. नव्या पदाचा उत्साह म्हणून लोक हसायचे. मास्तर हसत नसत.

मास्तरांची ती मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स होती. पाच वर्षं हंगामी राबून कायम व्हायचा हुकूम आला होता, त्यावर फक्त त्या मोजणीतला नोंद क्रमांक टाकायचा होता. तो नव्हता; मोजणाऱ्याची सही चालत नव्हती, मोजलं गेल्याची नोंदच लागत होती. मास्तरांची बायको वारली होती, चित्रकलेचे मास्तरही वारले होते. एकच वाट उरली: समितीच्या अध्यक्षाने सुनावणीत सांगायचं, की हे कुटुंब तेव्हा इथेच राहत होतं.

“काका आहेत ना अध्यक्ष, मग कसली काळजी?” मुलगी म्हणाली. मास्तरांनाही तसंच वाटलं, हे त्यांचं दुर्दैव.

सुनावणीला साक्षीदाराची खात्री म्हणून साहेबांनी आधी अध्यक्षाचाच कागद काढला. जन्माच्या रकान्यात शाई पसरली होती.

“मास्तर, हे तुमचं अक्षर?”

“हो.”

“काय लिहिलंय?”

घड्याळवाल्याच्या कपाळावर घाम आला. मास्तरांना तो सत्तावीस वर्षांपूर्वीसारखा, ट्रंकेजवळ हात जोडून उभा असलेला दिसला.

“इथलाच,” मास्तर म्हणाले. “मी चौकशी करून लिहिलं होतं.”

साहेबांनी शिक्का मारला. मग अध्यक्षाकडे वळले. “आता या मास्तरांचं सांगा. त्या वर्षी यांचं घर होतं इथे?”

घड्याळवाल्याने घसा खाकरला. समोर दोन पत्रकार होते, मागे समितीची माणसं होती. नोंद नसलेल्याची बाजू घेतली तर उद्या आपलाच कागद कोणीतरी उजेडाकडे धरून पाहील, एवढं गणित त्याला जमत होतं. “सांगता येत नाही, साहेब,” तो म्हणाला. “मी पाहिलं तेव्हा कुलूपच असायचं.”

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. बाहेर आल्यावर मास्तरांनी मुलीला ‘इथलाच’ कसं लिहिलं ते सगळं सांगितलं.

ती रस्त्यातच थांबली. “मग तिथे का नाही बोललात, बाबा?”

“त्याची पोरंही गेली असती गं. आणि तुझं काम तरी कुठे झालं असतं?”

“माझं काम गेलं ते गेलंच,” ती म्हणाली, “पण त्याची पोरं तुम्हाला आधी आठवली.” महिन्याअखेरीस दवाखान्याने तिचा गणवेश परत मागून घेतला.

यंदा पुन्हा मोजणी निघाली. एका दुपारी शाळेतल्या नव्या बाई तक्ता घेऊन दारात आल्या. दार सताड उघडं होतं. मास्तर खुर्चीत होते, मुलगी भांडी घासत होती. बाईंनी नोंद क्रमांक विचारला. नाही म्हटल्यावर त्या घुटमळल्या.

“क्रमांक नसलेल्यांसाठी रकानाच नाहीये हो, सर. काय लिहू?”

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

“घर बंद लिहा,” ते म्हणाले, “आणि बाई, अक्षर जरा नीट काढा. पुढे कामाला येतं.”